जन्मजात हृद्विकार, शस्त्रक्रिया आणि व्यायाम : बलार्धाचा विचार

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या जिल्ह्यातील वैद्यांच्या चिकित्सालयांत रुग्णांचा एक नवा वर्ग दिसू लागला आहे. छातीच्या मध्यरेषेवर उभा व्रण असलेली ही मुले व तरुण होत. पूर्वी जन्मजात हृद्विकाराची बालके बहुधा निदानाविनाच दगावत किंवा आयुष्यभर धापा टाकीत जगत. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि चित्र पालटले. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना एकदा तपासतात. या पथकांतील वैद्यकीय अधिकारी आयुष शाखांचे, म्हणजे पुष्कळदा आपलेच वैद्यबंधू व भगिनी असतात. त्यांच्या कानाने टिपलेल्या मर्मरध्वनीमुळे कित्येक बालके मोठ्या शहरांतील शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचली, ही आपल्या व्यवसायास भूषणावह अशी गोष्ट आहे.

परंतु मूल बरे होऊन गावी परतते, तेव्हा शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर राहिलेले असते. त्याने पळावे का, कबड्डी खेळावी का, शेतात राबावे का, असे पुढील वीस वर्षांचे प्रश्न आपल्यासमोर येतात. त्यांची उत्तरे देताना दोन प्रकारच्या चुका घडतात. आमच्या पाहण्यातील दोन रुग्णांवरून त्या स्पष्ट व्हाव्यात.

मेहकर तालुक्यातील अकरा वर्षांच्या एका मुलास त्याचे वडील 'अशक्तपणा व धाप' या तक्रारीसाठी घेऊन आले. तिसऱ्या वर्षी त्याच्या दोन निलयांमधील पडद्याचे छिद्र बंद करण्यात आले होते. कागदपत्रांनुसार कोणताही दोष शिल्लक नव्हता. तरीही शाळेत दाखल केले त्या दिवसापासून 'हृदयाचे ऑपरेशन झाले आहे, पळवू नये' अशी ताकीद असल्याने खेळाच्या तासाला हा मुलगा कडुनिंबाखाली बसून असे. त्याची धाप हृदयाची नव्हती. न वापरलेल्या स्नायूंची होती.

दुसरा रुग्ण घाटाखालचा, एकोणीस वर्षांचा. फॅलोच्या चतुर्विकृतीची शस्त्रक्रिया बालपणी झालेली. त्यानंतर नऊ वर्षे एकही तपासणी नाही. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करताना अखेरच्या फेरीत त्यास चक्कर येऊ लागली. घरी त्याने हे सांगितले नाही. 'दम वाढविणारे' औषध त्याने दुकानातून नेले, ते संपल्यावर दुसरे मागण्यास तो आमच्याकडे आला. त्याला तातडीने हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठविले. फुप्फुसधमनीची झडप अनेक वर्षे गळत राहिल्याने उजवे निलय बरेच प्रसरण पावल्याचे निष्पन्न झाले व झडप बदलावी लागली.

पहिल्याचे हृदय दुर्बळ मानले गेले, दुसऱ्याचे पूर्ण बरे मानले गेले. दोन्ही अनुमाने कागद न वाचता केलेली होती. शस्त्रक्रिया झालेले हृदय श्रमास कसा प्रतिसाद देते, हे 'काय दुरुस्त झाले' व 'काय शिल्लक राहिले' यांवर ठरते, हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

निरोगी हृदयाचा श्रमास प्रतिसाद

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटास ७० ठोके धरल्यास हे प्रमाण सुमारे ५ लिटर होते. निरोगी तरुण वेगाने धावू लागला की ते २० लिटरपर्यंत जाते. ही चौपट वाढ मुख्यतः दोन मार्गांनी साधते. हृदयाची गती दीडशेच्या वर, १९०च्या आसपासपर्यंत चढते आणि प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणारे रक्तही वाढते. त्याच वेळी स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि विश्रांतीत एकूण रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा घेणारे स्नायू तीव्र श्रमात चार-पंचमांश हिस्सा घेतात. शिवाय रक्तातील प्राणवायू ते अधिक प्रमाणात शोषून घेतात.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. डाव्या निलयाने २० लिटर रक्त बाहेर टाकावयाचे, तर उजव्या निलयानेही तेवढेच रक्त फुप्फुसांतून पुढे ढकलले पाहिजे. त्यासाठी फुप्फुसांतील वाहिन्यांनी सहज रुंदावणे आवश्यक असते. जन्मजात विकारांत बहुधा हीच उजवी बाजू आणि फुप्फुसांचा मार्ग बाधित झालेला असतो.

शस्त्रक्रियेनंतर काय बदलते

पहिला बदल गतीचा. अलिंदावरील छेद व टाके यांमुळे हृदयगतीचे नियमन करणारे केंद्र किंवा त्याच्या नाड्या दुखावल्या असतील, तर श्रमात गती हवी तितकी चढत नाही. अशा रुग्णाची नाडी विश्रांतीत अगदी प्राकृत भासते. उणीव जिना चढताना दिसते. बीटा-रोधक औषधे घेणाऱ्यांतही असेच घडते. म्हणून २२० मधून वय वजा करून गतीची मर्यादा ठरविण्याचा प्रचलित हिशेब या रुग्णांस लावू नये.

दुसरा बदल भरणाचा. गती वाढते तसा दोन ठोक्यांमधील विसावा आखूड होतो. पूर्वी दाब सोसून जाड झालेले किंवा व्रणाने ताठरलेले निलय एवढ्या अल्प काळात पुरेसे भरत नाही. गती वाढली तरी प्रत्येक ठोक्याचे रक्त वाढत नाही आणि रुग्ण लवकर थकतो.

तिसरा बदल दाबाचा. छिद्र उशिरा बंद झाले असेल तर फुप्फुसांतील वाहिन्या तोवर जाड झालेल्या असू शकतात. श्रमात त्या रुंदावत नाहीत, उजव्या निलयावर एकाएकी भार येतो आणि रुग्णास भोवळ येते.

चौथा बदल हृदयाबाहेरचा आहे. वर्षानुवर्षे बसवून ठेवलेल्या मुलाचे मांसधातू क्षीण होतात, श्वसनाचे स्नायू दुबळे राहतात. पहिले तीन बदल आपल्या हाती नाहीत. हा चौथा मात्र योग्य व्यायामाने निश्चित सुधारतो. वर सांगितलेल्या पहिल्या मुलास तज्ज्ञांच्या संमतीने रोज चालणे व खेळणे सुरू करून दिले, तेव्हा चार महिन्यांत त्याची धाप ओसरली.

विकारानुसार प्रतिसाद

पडद्यातील लहान-मध्यम छिद्रे किंवा जन्मानंतर उघडी राहिलेली धमनीवाहिनी वेळीच बंद झाली, फुप्फुसदाब प्राकृत राहिला आणि काही शिल्लक नसले, तर श्रमक्षमता सवंगड्यांच्या जवळपास असते. अशा मुलांना खेळापासून दूर ठेवण्यास कोणताही आधार नाही. मात्र अलिंदांमधील छिद्र मोठेपणी बंद झालेल्यांत पुढे हृदयगतीची अनियमितता उद्भवू शकते. त्यांच्या 'धडधडी'ची तक्रार वातप्रकोप म्हणून सोडून देऊ नये.

फॅलोच्या चतुर्विकृतीत फुप्फुसधमनीचा अरुंद मार्ग मोकळा करताना झडप बहुधा अकार्यक्षम होते. ती वर्षानुवर्षे गळते आणि उजवे निलय हळूहळू पसरते. रुग्णास दीर्घकाळ काहीच जाणवत नाही, कारण बालपणापासून त्याला हाच दम परिचयाचा असतो. म्हणून 'दम लागतो का?' हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. 'गेल्या वर्षी जे अंतर न थांबता चालत होता, ते आज चालता का?' असे विचारावे. येथे हेही लक्षात ठेवावे की चालणे-धावण्यासारख्या श्रमात दोन ठोक्यांमधील अवधी आखूड झाल्याने ही गळती काहीशी घटतेच. मध्यम व्यायाम झडपेस घातक नाही. घातक आहे ती तपासणीविना गेलेली वर्षे. अमेरिकेचा शॉन व्हाईट हाच विकार घेऊन जन्मला होता. बालपणी शस्त्रक्रिया झालेल्या या खेळाडूने बर्फावरील फळीच्या क्रीडाप्रकारात २००६, २०१० व २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. हे उदाहरण पालकांना धीर देण्यासाठी अवश्य सांगावे. परंतु एकाचे हृदय दुसऱ्याचे प्रमाण होत नाही, हेही त्याच दमात सांगावे.

महाधमनीचा संकोच दुरुस्त केलेल्यांत विश्रांतीतील रक्तदाब प्राकृत असूनही श्रमात तो अवाजवी चढू शकतो. अशांनी श्वास रोखून जड वजन उचलणे टाळावे. त्यांचा रक्तदाब उजव्या हातावर मोजावा, कारण दुरुस्तीच्या एका पद्धतीत डाव्या हाताची धमनी वापरली जाते.

मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल असलेल्या अर्भकांत त्या वाहिन्या योग्य जागी जोडताना हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्याही स्थलांतरित कराव्या लागतात. ही मुले बहुधा उत्तम खेळतात. तथापि श्रमात छातीत दुखले, तर ती तक्रार आम्लपित्त समजून दवडू नये.

सर्वांत वेगळा प्रतिसाद फॉन्टान शस्त्रक्रियेच्या रुग्णांत दिसतो. फ्रान्सिस फॉन्टान या फ्रेंच शल्यविशारदाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत, एकच कार्यक्षम निलय असलेल्या रुग्णाचे अशुद्ध रक्त हृदयाच्या पंपाविना थेट फुप्फुसांकडे वळविले जाते. ते तिकडे ढकलतात पायांचे स्नायू आणि श्वासाचे आत ओढणे. साहजिकच अशा रुग्णाची कमाल क्षमता निरोगी समवयस्काच्या साधारण ६० ते ६५ टक्के असते. परंतु त्याच कारणाने पायांचा व्यायाम त्याच्यासाठी चैनीची बाब नसून रक्ताभिसरणाचे साधन होय. उलट, दीर्घ कुंभक, कुंथणे, शरीरातील जलांश घटविणारा उपवास किंवा तीव्र शोधन यांनी हा प्रवाह तत्काळ मंदावतो.

बलार्ध : शास्त्रवचन आणि शरीरक्रिया

व्यायाम बलार्धापर्यंत करावा, हा आपल्या आचार्यांचा आदेश सर्वपरिचित आहे. हृदयस्थित वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की अर्धे बल खर्च झाले असे सुश्रुताचार्य चिकित्सास्थानात सांगतात. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर येणारा घाम आणि मुखशोष ही लक्षणेही सांगितली जातात. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसार सराव नसलेल्या व्यक्तीत कमाल क्षमतेच्या साधारण ५० ते ६० टक्क्यांवर श्वसनाचा वेग श्रमाच्या मानाने अधिक वाढू लागतो. त्या बिंदूपर्यंत मनुष्य बोलू शकतो, गाऊ शकत नाही. दोन्ही निरीक्षणे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे आम्हास अत्यंत महत्त्वाचे वाटते.

बलार्ध हे 'स्वतःच्या' बलाचे अर्ध आहे, ही यातील मर्माची गोष्ट होय. वर्गमित्राच्या वेगाशी, घड्याळाच्या काट्याशी किंवा ठरावीक नाडीगतीशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच ज्यांची हृदयगती पुरेशी चढत नाही, अशा रुग्णांतही हे लक्षण उपयोगी पडते.

वाग्भटाचार्यांनी बाल व वृद्ध यांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, असा आक्षेप काही सहव्यवसायी घेतात. आमच्या मते तो निषेध बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसाठी सांगितलेल्या आयासकर व्यायामाचा आहे. मुलाच्या स्वाभाविक खेळण्याचा नव्हे. श्वासपीडितास व्यायाम वर्ज्य, हे सुश्रुताचार्यांचे वचन मात्र येथे अक्षरशः पाळावे. विश्रांतीतही दम लागणाऱ्या रुग्णास आधी तज्ज्ञांकडे पाठवावे, चालावयास नव्हे.

बलार्धाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हृदयगतीची घातक अनियमितता आणि श्रमात चढणारा रक्तदाब पूर्वसूचना देतीलच असे नाही. त्यामुळे बलार्धलक्षण प्रतिध्वनी तपासणीची व हृदयआलेखाची जागा घेऊ शकत नाही.

चिकित्सालयात काय करावे

१. प्रथम रुग्णालयाचा मुक्ती-कागद पाहावा. शस्त्रक्रियेचे नाव, शिल्लक दोष, चालू औषधे व पुढील तपासणीची तारीख या चार गोष्टी आपल्या नोंदवहीत उतरवून घ्याव्यात. कागद गहाळ असल्यास मूळ रुग्णालयाकडून प्रत मागविण्यास सांगावे.

२. नाडी दोन्ही हातांची पाहावी. निळसर बालकांच्या काही शस्त्रक्रियांत हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीस जोडलेली असते. १९४४ साली अमेरिकेत प्रथम झालेली 'ब्लालॉक-टॉसिग' जोडणी ही यांपैकी प्रसिद्ध होय. त्या बाजूची नाडी क्षीण किंवा लुप्त असू शकते. त्या हातावरून केलेली नाडीपरीक्षा व घेतलेला रक्तदाब दोन्ही फसवे ठरतात.

३. छातीचे हाड जुळून येण्यास साधारणतः ६ ते ८ आठवडे लागतात. या काळात मुलास काखेत हात घालून उचलू नये. सायकल, झाडावर चढणे, जड दप्तर टाळावे. सपाट जागी चालणे मात्र रुग्णालयातूनच सुरू झालेले असते, ते थांबवू नये.

४. त्यानंतर तज्ज्ञांची संमती असल्यास रोज चालणे वाढवीत न्यावे. आरंभी व शेवटी ५ ते १० मिनिटे मंद गती ठेवावी. एकदम थांबू नये. दर तीन महिन्यांनी सपाट मोजलेल्या जागेवर सहा मिनिटांत किती मीटर चालतो हे नोंदवावे. अंतर घटत असेल तर रुग्णाची तक्रार नसतानाही त्यास तपासणीस पाठवावे.

५. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांस कबड्डी, कुस्ती यांसारखे आघाताचे खेळ वर्ज्य समजावेत.

६. श्रमाच्या वेळी मूर्च्छा, छातीत वेदना, अनियमित धडधड, ओठ निळे पडणे, दहा मिनिटे विसावूनही न शमणारा दम, नव्याने आलेली पायांची सूज, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास व्यायाम थांबवून रुग्णास त्वरित पाठवावे. येथे औषधयोजनेचा मोह धरू नये.

आपला प्रदेश, आपले श्रम

आपल्याकडील तरुणाचा व्यायाम बहुधा मैदानावर नसून शेतात असतो. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन कपाशीत दिवसभर फिरणे किंवा सोयाबीनचे पोते उचलणे यांत श्वास रोखला जातो, स्नायू ताठ राहतात आणि रक्तदाब चढतो. चालण्याने हृदयावर मुख्यतः रक्ताच्या प्रवाहाचा भार येतो, ओझ्याने दाबाचा. म्हणून 'पाच किलोमीटर चालतो, मग पोते का उचलू नये?' या प्रश्नाचे उत्तर आपणास देता आले पाहिजे. महाधमनीचा संकोच, फुप्फुसदाब किंवा फॉन्टान यांच्या रुग्णास ओझ्याचे काम देऊ नये, हे घरातील कर्त्या माणसास समक्ष सांगावे.

शीतकाल व वसंत वगळता व्यायाम अल्पच करावा, हे वाग्भटाचार्यांचे वचन घाटाखालच्या उन्हाळ्यास तंतोतंत लागू पडते. मलकापूर, नांदुरा, शेगाव परिसरात वैशाखात रक्त त्वचेकडे धावते, घामाने जलांश घटतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. निरोगी हृदय हे सावरून घेते. एकाच निलयावर चालणारे हृदय सावरू शकत नाही. या दिवसांत व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास करवावा. शेगावच्या पालखीसोबत आषाढीस पायी जाण्याची इच्छा धरणाऱ्या रुग्णांनी तज्ज्ञांची अनुमती आधी घ्यावी, किमान दोन-तीन महिने चालण्याचा सराव करावा आणि औषधे गाठीशी बाळगावीत.

योगाभ्यासात साधी आसने, दीर्घ श्वसन व अनुलोम-विलोम चालतील. कुंभक, वेगवान भस्त्रिका, मयूरासन, शीर्षासन नकोत. वमन, तीव्र विरेचन व सर्वांगस्वेद हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीविना योजू नयेत.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

छातीवर व्रण असलेला तरुण 'दम वाढविण्याचे' औषध मागू लागला, तर औषध देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : कोणती शस्त्रक्रिया झाली आणि शेवटची तपासणी केव्हा? सर्दीच्या काही गोळ्यांतील उत्तेजक घटक, एफेड्रायुक्त द्रव्ये व 'एनर्जी' पेये हृदयगती भलतीकडे नेऊ शकतात. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब चढतो व पोटॅशियम घटते; मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांत हे धोक्याचे आहे. गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे आढळले आहे. असिनोकौमरॉल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यास कोणतेही नवे चूर्ण, काढा वा गुटी देण्यापूर्वी त्याच्या चिकित्सकास विचारावे. बीटा-रोधक गोळ्या संपल्या म्हणून एकाएकी बंद होऊ देऊ नयेत. अर्जुनाविषयी आम्हास आदर आहे. परंतु गळती झडप अर्जुनाने बंद होत नाही, आणि तशी आशा दाखविल्याने तपासणी लांबते.

समारोप

त्रिमर्मांत हृदयाची गणना करून आचार्यांनी त्याचे रक्षण सांगितले. रक्षण म्हणजे बंदिवास नव्हे, आणि शल्यकर्म झाले म्हणजे रक्षणाची गरज संपली असेही नव्हे. मेहकरचा तो मुलगा आता खेळाच्या तासाला वर्गासोबत मैदानात असतो. घाटाखालच्या त्या तरुणाने भरतीचा विचार सोडला. तो रोज सकाळी बोलता येईल इतक्या गतीने चार किलोमीटर चालतो आणि वर्षातून एकदा तपासणीस जातो. दोघांनाही आम्ही औषध फारसे दिले नाही; कागद वाचला आणि वेळीच योग्य ठिकाणी पाठविले. आपल्या गावात असे रुग्ण असतील. त्यांची एक यादी प्रत्येक वैद्याने आपल्या नोंदवहीत करावी आणि ज्यांची तपासणी दोन वर्षांहून अधिक काळ राहिली आहे त्यांना या त्रैमासिकाचा पुढील अंक हाती येण्यापूर्वी बोलावून घ्यावे, अशी सर्व वैद्यबंधू व भगिनींस आमची विनंती आहे.